नवं वाण गावात टिकत नाही? बियाण्याला दोष देण्याआधी या चुका टाळा

डिसेंबरचा दुसरा आठवडा होता. लवकर येणाऱ्या तुरीच्या एका वाणाची शिवार फेरी ठेवली होती. बांधावर फ्लेक्स, शेंगांनी लगडलेली झाडं, विद्यापीठातून आलेले दोन शास्त्रज्ञ, निंबाखाली वांग्याची भाजी नि पोळ्यांचा बेत. एकरी झडती, म्हणजे उत्पादन, किती बसेल हे मी तावातावाने सांगत होतो. मागे उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने शेंग फोडली, दाणा दाताखाली धरून पाहिला आणि विचारलं, "हे सगळं बराबर हाये साहेब, पण तुराट्या किती निघतीन?"

लोक हसले. मीही हसलो. पुढच्या खरिपात त्या गावात ते वाण तीन घरांनी पेरलं, त्यातलं एक घर सरपंचाचं.

बुटक्या झाडाच्या तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या, कमी आणि बारीक निघतात, हे माझ्या भाषणात कुठेच नव्हतं. त्या माणसाच्या घरची चूल, गोठ्याचा कुड आणि परसातलं कुंपण, तिन्ही तुराट्यांवर चालायचं. गॅस सिलिंडर होता, पण भरून आणायला पैसे लागतात आणि तुराट्या रानात फुकट. मी त्याला जास्त तूर देत होतो आणि वर्षाचं सरपण काढून घेत होतो, नि वर म्हणत होतो की लोक सुधारत नाहीत.

वाणांच्या प्रसाराच्या कामात असलेले कृषी सहायक, उत्पादक कंपन्यांमधली तरुण मुलं, संस्थांचे कार्यकर्ते यांच्यासाठी हे लिहितोय. घरच्यांना नवं बी पटवू पाहणाऱ्या पोरांनाही यातलं बरंच लागू पडेल. सुधारित वाण म्हणताना मी सगळंच धरतोय: निवडीतून आलेलं सरळ वाण, संकरित आणि बोंडअळीला मारणारं बीटीसारखं जनुक घातलेलं. प्रयोगशाळेच्या दृष्टीने या तीन फार वेगळ्या गोष्टी आहेत. दोन-तीन एकरवाला मात्र तिन्हींना एकाच काट्यावर तोलतो.

पहिली चूक : "लोकांना कळत नाही" असं धरून चालणं

२००१ च्या हंगामात गुजरातेत बोंडअळीने कापसाची वाट लावली. त्यातच काही शेतं मात्र डौलात उभी होती. तपासणी झाली आणि कळलं, की त्या झाडांमध्ये बीटी जनुक आहे. 'नवभारत १५१' या नावाने विकलं गेलेलं ते बियाणं कुठल्याही परवानगीशिवाय हजारो एकरांवर पोचलेलं होतं. देशात बीटी कापसाला रीतसर मंजुरी मिळाली ती त्यानंतर, मार्च २००२ मध्ये. म्हणजे सरकारी कागद यायच्या आधी बी रानात होतं, आणि त्यासाठी कुणी मेळावा घेतला नव्हता. पुढच्या दहा वर्षांत देशातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त कापूस क्षेत्रावर बीटी आलं.

दुसरं उदाहरण आपल्या चंद्रपूरचं. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे हे जेमतेम दीड एकराचे शेतकरी. १९८३ मध्ये त्यांना 'पटेल ३' धानाच्या बांधीत वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या सापडल्या. त्यांनी त्या राखल्या, पुढची काही वर्षं निवडून निवडून पेरल्या. दाणा बारीक, भात चवीला सरस. नाव काय द्यायचं, तर त्या काळात एचएमटीचं घड्याळ दिमाखात मिरवायचं, म्हणून एचएमटी. हे धान सोयऱ्याकडून सोयऱ्याकडे आणि बाजारातून बाजारात असं पसरत गेलं. अनुदान नाही, प्रात्यक्षिक नाही. व्यापारी जास्त भाव देत होता आणि घरात शिजवल्यावर पोरं आणखी मागत होती, एवढ्यावर काम झालं.

आजचं उदाहरण थोडं अडचणीचं आहे. तणनाशक सहन करणारा, परवानगी नसलेला कापूस विदर्भात 'चोरबीटी' म्हणून सगळ्यांना माहीत आहे. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने तो उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिलं होतं. त्या बियाण्याची शिफारस मी करणार नाही. बिल नाही, टॅग नाही, फसलं तर दाद मागायला जागा नाही. तरी लोक रात्री जाऊन ते का आणतात, हे ज्याला समजत नाही त्याने प्रसाराचं काम करू नये. ऐन पावसाळ्यात निंदणीला बाया मिळत नाहीत, आठ दिवस डवरा घालता येत नाही आणि तण पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, डोक्यावर जातं. ज्या बियाण्यात या दुखण्यावर उतारा आहे असं माणसाला वाटतं, ते बी तो धोका पत्करूनही शोधतो.

तेव्हा गावात शिरताना 'यांना कसं पटवायचं' हा प्रश्न बाजूला ठेवा. आपल्या हातातलं वाण त्यांच्या कुठल्या दुखण्यावर आहे, ते आधी बघा. उत्तर सापडलं नाही तर त्या गावात ते वाण नेऊच नका.

फक्त झडती मोजणं

ही चूक सगळ्यात जुनी, आणि अजून सगळेच करतात. ज्वारीची गोष्ट यासाठी नीट सांगण्यासारखी आहे.

१९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. पाठोपाठ आणखी आले. खरिपात महाराष्ट्राने हायब्रीड ज्वारी भराभर उचलली, कारण गावरान उंच ज्वारीच्या कितीतरी पट दाणा मिळायचा. पण गावरान वाण पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडावर पिकायचे. हायब्रीड लवकर यायचे, आणि परतीचा पाऊस नेमका कणसात सापडायचा. दाण्यावर बुरशी चढून ज्वारी काळी पडायची. पीठ मळताना विरी, म्हणजे चिकटपणा, जायची, भाकरी थापली की कडा फाटायच्या, तव्यावरून काढली की तासाभरात वातड. बुटक्या ताटाचा कडबाही कमी. आपल्या भाषेत 'हायब्रीड' हा शब्द बेचव, वरून दिसायला बरा आणि आतून पोकळ अशा अर्थाने रुळला, तो काही उगाच नाही. ज्या पिढीने ती काळी भाकरी खाल्ली तिने हा शब्द दिला. बाजारात काळ्या ज्वारीला भाव नव्हता, आणि सोयाबीन आल्यावर खरीप ज्वारी बहुतेक भागांतून उठलीच.

रब्बीत उलटं झालं. मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेली मालदांडी, म्हणजे एम ३५-१, आजही सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात टिकून आहे. तिला हटवायला कितीतरी वाण आले. काहींचा दाणा जास्त भरला, तरी मालदांडी हटली नाही. ओल कमी असली तरी ती तग धरते, दाणा मोत्यासारखा, भाकरी पांढरी आणि मऊ, कडबा गोड. दुष्काळाच्या वर्षी कडब्याच्या पेंढीचा भाव पाहिलेल्या माणसाला दाण्याचे दोन क्विंटल जास्त मिळण्याचं अप्रूप नसतं. त्याच्या हिशेबात दाणा घरासाठी असतो आणि कडबा बैलांसाठी, दुधासाठी नि अडीअडचणीला विकण्यासाठी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

म्हणून प्रात्यक्षिकाच्या तक्त्यात 'एकरी उत्पादन' या रकान्याशेजारी आणखी चार रकाने ओढून घ्या: कुटार (भुसा) किंवा कडबा किती, घरात शिजवून कसं लागलं, बाजारात भाव काय आला, काढणीला किती मजूर लागले. चौथा रकाना पुरुष विसरतात. कापूस वेचणाऱ्या बाईला विचारा. बोंड मोठं आणि नीट उमललेलं असेल तर दिवसाला किती किलो जास्त वेचून होतो, ते ती आकड्यात सांगते. मजुरी किलोवर असते, त्यामुळे बारीक बोंडाच्या रानात बाया यायलाच तयार नसतात. शेतकरी दुकानात 'मोठ्या बोंडाचं द्या' म्हणतो तो याच कारणाने.

आणि स्वयंपाकघर? मी काम सुरू केल्यावर पहिली सहा-सात वर्षं एकाही घरात चुलीपर्यंत गेलो नव्हतो. बैठक ओसरीवर, चहा आतून यायचा. बी निवडायचं, पाखडायचं, राखेत घालून ठेवायचं, पुढच्या वर्षी काय पेरायचं यावर अखेरचा नकार द्यायचा, हे सगळं आतमध्ये होत होतं. आता मी नव्या वाणाचं पायलीभर धान्य आधी घरात देतो आणि पेरणीची गोष्ट महिनाभराने काढतो. "काकू, भाकरी कशी झाली?" या प्रश्नाला चेहऱ्यावर जे उत्तर येतं ते कुठल्याही फॉर्ममध्ये भरता येत नाही.

लोह-जस्त जास्त असलेल्या वाणांबाबत तर हे फारच खरं आहे. परभणीच्या विद्यापीठाची 'परभणी शक्ती' ज्वारी २०१८ मध्ये आली. चांगलं काम आहे, पण लोह डोळ्यांना दिसत नाही, जिभेला लागत नाही आणि अडत्या त्याचा भाव धरत नाही. असं वाण न्यायचं तर ते झडतीत, भाकरीत किंवा कडब्यात कुठेतरी उजवं पडायला हवं. पोषण हा त्याच्यासोबत आलेला फायदा म्हणून सांगा.

पाटलाच्या रानातलं प्रात्यक्षिक

प्रात्यक्षिकाला रान निवडताना आपण काय बघतो? डांबरी रस्ता जवळ हवा, म्हणजे साहेबांची गाडी जाते. विहीर हवी, म्हणजे पीक हातचं जात नाही. शेतकरी बोलका हवा. हे सगळं एकाच माणसाकडे असतं आणि त्याचीच जमीन गावात सगळ्यात भारी असते.

मी हे वर्षानुवर्षं केलं. पीक झकास यायचं, फोटो झकास यायचे. परतताना बरड रानवाली माणसं एकमेकांत म्हणायची, "त्याच्या वावरात गोटे पेरले तरी उगवतात." मला वाटायचं, टोमणा आहे. ते तर शास्त्रीय निरीक्षण होतं. ठिबकवर आलेला निकाल मुरमाड कोरडवाहू रानाबद्दल काही सांगत नाही, आणि हे त्यांना माझ्याआधी कळलं होतं.

सोयाबीनमध्ये हे स्पष्ट दिसतं. जेएस ३३५ हे जबलपूरहून १९९४ मध्ये आलेलं वाण लोकांनी दशकानुदशकं सोडलं नाही. नव्या वाणांपैकी फुले संगमसारखं जास्त दिवसांचं वाण भारी जमिनीत, संरक्षित पाण्यावर सुंदर येतं. झाड मोठं होतं, फांद्या पसरतात, त्यामुळे अंतर जास्त आणि बियाणं कमी लागतं. हेच हलक्या रानात, जुन्या सवयीने दाट पेरलं, आणि सप्टेंबरात पावसाने दगा दिला, तर शेंगा भरतच नाहीत. तिथे लवकर निघणारं वाण परवडतं. शिवाय सोयाबीननंतर हरभरा घ्यायचा असेल तर दहा-बारा दिवसांचा फरक म्हणजे जमिनीतली ओल हातात राहणं किंवा जाणं. शेतकरी वाण निवडताना एका पिकाचा विचार करत नाही, त्याच्या डोळ्यांसमोर दिवाळीनंतरची पेरणी असते. तुरीत बदनापूरचं बीडीएन ७११ हलक्या-मध्यम रानात लोकांनी आपणहून घेतलं, ते दीडशे ते एकशे पंचावन्न दिवसांत, ओल संपायच्या आत मोकळं होतं म्हणून. माझ्या त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे मात्र भारी जमीन होती. त्याला घाई नव्हती, तुराट्या हव्या होत्या.

बीटी कापसाच्या सुरुवातीच्या वर्षांतही हाच धडा मिळाला. २००२ मध्ये मंजूर झालेले तीनच संकरित वाण होते आणि ते सगळीकडे गेले. काही भागांत जमले, काही ठिकाणी कोरडवाहू रानात साफ फसले. २००५ मध्ये आंध्र प्रदेशात त्या तिघांना पुढची परवानगी नाकारली गेली. जनुक तेच होतं. ज्या वाणात ते घातलं होतं ते त्या मातीला आणि तिथल्या पावसाला मानवलं नाही. नंतर शेकडो संकरित वाण आले तेव्हा प्रत्येकाला आपल्या रानाजोगं काहीतरी सापडलं.

उपाय सोपा आहे, फक्त दिसायला देखणा नाही. एका प्रात्यक्षिकाऐवजी पाच करा, दहा-दहा गुंठ्यांची: एक भारी रानात, दोन मध्यम, दोन बरडावर. आणि माणसं अशी निवडा, की ज्यांना बघून शेजारी म्हणेल, "याला जमलं तर मला का नाही?" त्यातलं एखादं फसू द्या. फसलेला प्लॉट झाकू नका, तिथेही शिवार फेरी न्या. माझ्या अनुभवात विश्वास बसायला सुरुवात तिथून होते.

मे महिन्याच्या अखेरीस खिशात काय असतं?

२००२ मध्ये बीटीचं ४५० ग्रॅमचं पाकीट सुमारे सोळाशे रुपयांना होतं. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने किमतीविरुद्ध दाद मागितली आणि ती साडेसातशेवर आली. त्यानंतरचा प्रसाराचा वेग सगळ्यांनी पाहिला. २०२५ च्या हंगामात कमाल किंमत ९०१ रुपये होती. एकरी दोन पाकिटं धरली तरी खत, फवारणी, वेचणीपुढे बियाण्याचा खर्च फार मोठा नाही, असं आपण कागदावर दाखवतो. पण तो खर्च सगळ्यात आधी येतो. मे-जूनमध्ये शाळेची फी, वह्या, लग्नसराईचं उसनं आणि पीककर्जाचं नवं-जुनं एकाच वेळी उभं असतं. बी त्या रांगेत शेवटी असतं.

मग तो कृषी सेवा केंद्रात जातो आणि उधारी घेतो. उधारीवर घेणारा वाण निवडत नाही. काउंटरवरून पुढे सरकवलेलं पाकीट तो उचलतो. लोकांना हवं असलेलं वाण पाहिजे असेल तर सोबत एखादी नको असलेली बाटली घ्यावी लागते, त्याला 'लिंकिंग' म्हणतात. त्यावर बंदी आहे आणि ते चालतं, दोन्ही खरं. आपण सहा महिने गावात जनजागृती करायची आणि वाण ठरायचं मात्र पाच मिनिटांत काउंटरवर. दुकानदाराला शत्रू समजून हे सुटत नाही. ओडिशात पूर सहन करणाऱ्या 'स्वर्णा सब-१' धानाच्या बाबतीत नेहमीच्या सरकारी वाटेऐवजी दुकानदारांनाच बियाणं आणि माहिती देऊन पाहिली, तेव्हा प्रसार जास्त झाला होता. दुकानदाराच्या स्वतःच्या शेतात दहा गुंठे लावून द्या. हंगामभर तो आपला भोंगा होतो.

त्याच धानाची आणखी एक बाजू सांगतो. ते दोन आठवडे पाण्याखाली राहिलं तरी पुन्हा उभं राहतं. ज्या शेतकऱ्यांना ते मिळालं त्यांनी खताचा खर्चही वाढवला, कारण पीक बुडून जाण्याची भीती कमी झाली होती. छोट्या शेतकऱ्याला चांगल्या वर्षीच्या विक्रमी झडतीचं आकर्षण कमी असतं, वाईट वर्षी हातात काय उरेल याची काळजी जास्त. जाहिरात नेमकी उलटी केली जाते.

ठोक्याने किंवा बटाईने जमीन करणारे तर आपल्या यादीतच नसतात. सातबारा दुसऱ्याच्या नावावर, म्हणून ऑनलाइन अर्जात अनुदानाचं बियाणं त्यांना मिळत नाही. कसणारा वेगळा, बी मिळणारा वेगळा. यादी करताना 'यंदा वावर कोण वाहतंय?' हा एक प्रश्न विचारला तर निम्मं काम होतं.

पहिल्या वर्षी मिनीकिट, दुसऱ्या वर्षी ठणठणाट

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. पहिल्या वर्षी फुकट पिशवी वाटली. पीक आवडलं. दुसऱ्या वर्षी माणूस तेच बी मागत तालुक्याला तीन चकरा मारतो, आणि "संपलं" हे उत्तर घेऊन परत येतो. पेरणीची वेळ आठ-दहा दिवसांची. वाट कोण पाहणार? आम्ही मात्र अहवालात लिहितो: 'शेतकऱ्यांनी वाण सोडलं.' सोडलं कुठे, मिळालंच नाही.

सरळ वाण असेल तर यावर गावातच उपाय आहे. सोयाबीनचं बी नीट राखलं तर तीन वर्षं घरचं वापरता येतं. पीक वाणांच्या कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिलेला आहे. बीटी कापसासारख्या संकरित वाणाचं सरकीतून बी धरू नका. पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, झडती घटते. तूर या दोन्हींच्या मधली: सरळ वाण असलं तरी मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात, म्हणून शेजारच्या वाणापासून लांबच्या पट्ट्यातूनच बी राखायचं. हा फरक सांगितला जात नाही आणि मग "घरचं बी फसलं" असा सरसकट बोभाटा होतो.

२०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर आल्या होत्या. सोयाबीनचं टरफल पातळ. काढणीला पाऊस लागला, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, पोती उंचावरून आपटली किंवा थप्पीवर थप्पी रचली की अंकुर मरतो, आणि दाणा वरून धडधाकट दिसतो. म्हणून पिशवी घरची असो की विकतची, पेरणीआधी गोणपाटाची परीक्षा घ्याच. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडा, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उलगडून नीट मोड आलेले मोजा. सत्तर आले तर एकरी तीस किलो. साठच आले तर तीस गुणिले सत्तर भागिले साठ, म्हणजे पस्तीस किलो. त्याहून खाली गेलं तर ते बी तेलाच्या गिरणीचं, रानाचं नव्हे. आणि पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण बाहेर काढायची नाही.

जनुकाचं नाव सांगितलं, काम सांगितलं नाही

बीटीचा प्रथिनांश बोंडअळ्यांच्या पोटात जाऊन काम करतो. मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी यांचं तो काही बिघडवत नाही. ही दोन वाक्यं प्रत्येक पाकिटासोबत सांगायला हवी होती. सांगितलं गेलं काय, तर "बीटी लावलं की फवारणी संपली." तुडतुडे दिसले की शेतकरी आधी चक्रावला, मग घाबरला, मग मिळेल ते फवारू लागला. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. त्याच वर्षी गुलाबी बोंडअळीने बीटीतही बोंडं पोखरली.

गुलाबी अळीने बीटीला दाद देणं बंद केलं, त्याचा पहिला पुरावा गुजरातेतून २०१० मध्येच पुढे आला होता. दोन जनुकांचं बीजी-२ तोवर आलं होतं, पण काही वर्षांत तेही तिच्यापुढे हललं. कारणांत आपला वाटा मोठा आहे. पाकिटासोबत १२० ग्रॅम साधं, बीटी नसलेलं बी मिळायचं, कडेने लावायला. त्या झाडांवर वाढलेल्या साध्या अळ्यांचे पतंग प्रतिकारक पतंगांशी मिळाले की प्रतिकार पसरायला वेळ लागतो, अशी ती योजना. आमच्या भागात ते छोटं पाकीट बांधावर पडलेलं दिसायचं. फुकट आलंय म्हणजे हलकं बी, जागा कशाला वाया घालवा? हे चुकीचं म्हणता येत नाही, कारण ते कशासाठी आहे हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं. काहींनी त्या जागी तूर लावली. पण गुलाबी अळी तुरीवर जगत नाही, ती कपाशीचीच कीड. पुढे पाकिटातच साधं बी मिसळून यायला लागलं.

त्यात फरदड. पाण्याची सोय असेल तर मार्चपर्यंत पऱ्हाटी उभी ठेवून दोन वेचे जास्त घ्यायचे, ही सवय अळीला वर्षभर घर देते. डोमकळी दिसू लागली, म्हणजे पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटलेलं फूल, की समजा अळी आत आहे. तेव्हा कामगंध सापळे लावून पतंग मोजायला घ्या, आणि डिसेंबरात पऱ्हाट्या उपटून रान मोकळं करा.

नव्या वाणाबद्दल बोलताना मी आता आधी त्याच्या उणिवा सांगतो. किती दिवस लागतात, कुठल्या रोगाला बळी पडतं, कुठल्या रानात लावू नये. हे वाण मी विकत नाहीये, हे लोकांना तिथे कळतं.

विकत घेणाऱ्याला कुणी विचारलं का?

उसात शेतकऱ्याला वाण पसंत पडून भागत नाही, कारखान्याने नोंद घ्यायला हवी. फुले २६५ ची वाढ जोरदार, चोपण रानातही येणारं, पण साखरेच्या उताऱ्याच्या शंकेने काही कारखाने त्याची नोंद घ्यायला नाखूश होते. मग शेतकऱ्याने को ८६०३२ हा जुना वाणच धरून ठेवला तर दोष कुणाचा? हरभऱ्यात फुले विक्रम उंच वाढतो, घाटे जमिनीपासून वर लागतात, म्हणून हार्वेस्टरने काढता येतो. मजुरांची टंचाई असलेल्या भागात ते एवढ्या एका गुणावर चाललं. प्रसाराच्या बैठकीला मोंढ्यातला एक अडत्या आणि हार्वेस्टरचा एक मालक बोलवा. ते दोन तासांत जे सांगतील ते आपल्याला तीन हंगामांनी कळतं.

गावात असं झालं तर

उगवणच झाली नाही, तर घाईने मोडून दुबार पेरणी करू नका. आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तालुक्याची समिती येऊन पंचनामा करते. त्यासाठी पक्कं बिल, पिशवी, तिच्यावरचा टॅग आणि मूठभर उरलेलं बी लागतं. टॅगचा रंग बघायची सवय लावा: प्रमाणित बियाण्याला निळा, पायाभूतला पांढरा, सत्यप्रतला हिरवा. पिशवी उघडताना टॅगच्या विरुद्ध बाजूने फाडायची, हे मी प्रत्येक बैठकीत हातात पिशवी घेऊन दाखवतो.

पहिल्या वर्षी घेतलं आणि दुसऱ्या वर्षी सोडलं, असं दिसलं तर सोडणाऱ्यांच्या घरी जा. घेणाऱ्यांचे फोटो आधीच पुष्कळ झालेले असतात. "बी मिळालं नाही", "बियाण्याला पैसे नव्हते" आणि "आवडलं नाही" ही तीन वेगळी दुखणी आहेत. औषध एकच दिलं तर लागू पडणार नाही.

सगळं गाव एकाच वाणावर गेलं, तर मात्र आनंद मानू नका. एखादा रोग आला की सगळ्यांचं एकदम जातं. अशा गावात मी मुद्दाम दुसरं, वेगळ्या मुदतीचं वाण पाच-सहा घरांत लावून ठेवतो.

आणि ज्याला स्वतःच्या रानात नवं वाण बघायचं आहे, त्याने सगळं वावर बदलू नये. माझ्या ओळखीची जी शहाणी माणसं आहेत ती आपल्या नेहमीच्या वाणाच्या मधोमध चार तासं, म्हणजे ओळी, नव्याची टाकतात. त्याच दिवशी, त्याच तिफणीने, तेच खत. कडेला नाही, कारण कडेचं पीक नेहमीच बरं दिसतं. काढताना ती चार तासं आणि शेजारची जुन्याची चार वेगळी सोंगतात, वेगळी मळतात, एकाच काट्यावर तोलतात. कुटाराच्या गोण्याही मोजतात. पायलीभर दाणा घरात जातो. वहीत तारीख, पाऊस आणि वजन लिहून ठेवतात, आणि कुणी विचारलं तर अजून एक वर्ष बघू म्हणतात.

तो तुराट्यांवाला शेतकरीही असाच निघाला. दोन वर्षांनी त्याच्या वावरातून चाललो होतो, तर उंच तुरीच्या मधोमध चार तासं बुटकी. मी थांबलो. तो म्हणाला, "हलक्या पट्ट्यात लावीन म्हन्तो यंदा, पोराच्या वाट्याले आलेल्या. तिथं तशाही तुराट्या निघत नाहीत."